इंजिनाचे कान: जुन्या टाटा 1210 चं इंजिन उतरवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर लगेच कळेल. वडिलांनी 1978 साली घेतलेली टाटा 1210, पुढे नाक असलेली, तुम्ही पिंपळगाव बसवंतला शेडमध्ये जपून ठेवली आहे. द्राक्षं आणि कांदा वाहून तिने घर उभं केलं, म्हणून ती भंगारात द्यायची नाही, पुन्हा रस्त्यावर आणायची. फ्लायव्हीलच्या बाजूने ऑइल गळतंय, क्लचही संपलाय, त्यामुळे इंजिन उतरवावं लागणार. पण हेडवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) इंजिन उचलायचे जे दोन कान, म्हणजे भोक असलेल्या लोखंडी पट्ट्या, असतात त्यातला पुढचा वाकलेला आहे आणि मागचा जागेवर नाही. तिथे दोन रिकामी भोकं आहेत. गावातला वेल्डर म्हणतो, जुन्या पाट्याची (गाडीच्या चाकावरच्या स्प्रिंगची) पट्टी कापून कान करून देतो, हत्ती लटकला तरी तुटणार नाही. तर ते चालेल का, पट्टी किती जाड घ्यायची आणि बोल्ट कोणता लावायचा?

पाट्याची पट्टी नको. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण उत्तर वाचून होईपर्यंत वेल्डरने कटर पेटवलेला असेल. का नको ते पुढे येईलच.

पस्तीस वर्षं नाशिकमध्ये द्वारका ते आडगाव नाका या पट्ट्यात मी इंजिनं उतरवतोय आणि चढवतोय. जवळजवळ प्रत्येक जण पट्टीची जाडी विचारतो. साखळी कोणत्या कोनात ओढणार हे कोणीच विचारत नाही. खरा प्रश्न तो आहे. जाडी त्या उत्तरातून आपोआप निघते.

आधी वजन. तुमच्या गाडीत 692 इंजिन असणार. यातला 6 म्हणजे सिलिंडर आणि 92 म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. 120 चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरला की साधारण 4,788 सीसी होतात. (697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 चा बोअर. 407 मधलं 497 म्हणजे चार सिलिंडर, 97 चा बोअर. ही खूण लक्षात ठेवली की जुन्या टाटाच्या बाबतीत पार्टवाला तुम्हाला चुकीचं पिस्टन देऊ शकत नाही.) गिअरबॉक्स आणि क्लच काढलेलं, ऑइल-पाणी रिकामं केलेलं हे इंजिन मी हिशेबाला 500 किलो धरतो. गिअरबॉक्स लावून एकत्र काढायचा मोह टाळा. वजन तर वाढतंच, शिवाय सगळा तोल मागे जातो आणि मागच्या कानावर दुप्पट ताण येतो, आणि तुमच्याकडे नेमका तोच कान नाही. गिअरबॉक्स आधी खालून जॅकवर घेऊन काढा, मग इंजिन.

आता कोन. हेडवरच्या दोन कानांत साधारण 70 सेंटिमीटर अंतर धरू. तुमचं मोजून घ्या. एका साखळीची दोन टोकं दोन कानांत अडकवली आणि मधोमध चेन कप्पीचा हूक घातला. हूक कानांच्या रेषेपासून 60 सेंटिमीटर वर असेल तर साखळीच्या दोन पायांत (हुकापासून दोन कानांकडे जाणाऱ्या भागांत) 60 अंशांचा कोन होतो आणि प्रत्येक पायावर साधारण 290 किलो येतात. 500 चे निम्मे 250, त्याहून थोडेच जास्त. इथपर्यंत ठीक.

पण शेडची उंची कमी, बोनेटच्या वरून इंजिन बाहेर काढायचं, म्हणून पोरं साखळी आखूड करतात. हूक कानांपासून फक्त 20 सेंटिमीटर वर राहिला की दोन पायांत 120 अंशांचा कोन होतो. मग प्रत्येक पायावर 500 किलो येतात, म्हणजे एकेका कानावर अख्खं इंजिन. त्याहून वाईट म्हणजे त्यातली सुमारे 430 किलोंची ओढ सरळ वर नसते, ती आडवी असते. दोन्ही कानांना इंजिनाच्या मध्याकडे ओढते. इंजिनाचं वजन तेच, साखळी तीच, कान तेच, फक्त साखळी आखूड झाली. तुमचा पुढचा कान कोणत्या बाजूला वाकलाय ते जाऊन बघा. मागच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मध्याकडे झुकलेला असेल तर कुणीतरी कधीतरी आखूड साखळीने हे इंजिन उचललंय. मागचा कान बहुधा त्याच दिवशी गेला.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. आडवा बार वापरा. 75 मिलिमीटरचं लोखंडी चॅनेल, साधारण 80 सेंटिमीटर लांब, उभं धरून. दोन टोकांना खालून शॅकल (पिन घालून बंद होणारी यू आकाराची कडी), त्यातून साखळीचे दोन सरळ उभे पाय कानांत. वर मधोमध एक भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरवर आणखी दोन-दोन भोकं. हूक या भोकात घालायचा की त्या, यावर इंजिनाचं नाक वर राहील की शेपूट, ते ठरतं. नाकवाल्या गाडीत रेडिएटर आणि पुढची जाळी काढल्यावरही इंजिन थोडं पुढून वर करून काढावं लागतं, तेव्हा ही भोकं फार कामाला येतात. साखळीचे पाय सरळ उभे असले की कानावर आडवी ओढ जवळजवळ राहतच नाही. चॅनेल उभंच धरायचं, म्हणजे त्याची उंच बाजू उभी. आडवं ठेवलंत तर तेच चॅनेल वाकेल.

कानाच्या बाबतीतही हेच. कुठलीही पट्टी रुंद बाजूने ओढली तर ताठ असते, जाडीच्या बाजूने ओढली तर लवकर वाकते. 50 मिलिमीटर रुंद आणि 12 जाड पट्टी रुंदीच्या बाजूने वाकवायला जाडीच्या बाजूपेक्षा चौपटीहून जास्त जोर लागतो. म्हणून कानाचा सपाट चेहरा इंजिनाच्या लांबीच्या रेषेत हवा, फ्लायव्हीलपासून पंख्यापर्यंत सुतळी ताणली तर तिला समांतर. थोडी आडवी ओढ आलीच तर ती रुंदीच्या बाजूने यावी. बरेचसे घरगुती कान उलटे असतात, कारण बोल्टाची भोकं हेडच्या मागच्या तोंडावर असतात आणि तिथे सरळ पट्टी उभी करणं सोपं पडतं. तुमचीही भोकं मागच्या तोंडावर असतील तर कान इंग्रजी एलसारखा करावा लागेल: एक पाय हेडला टेकलेला, दुसरा मागे वळलेला, भोक त्या दुसऱ्या पायात. आणि मागे वळलेला पाय जेवढा आखूड तेवढं बरं.

जाडीचा हिशेब इथे येतो. समजा एल कानाचा आडवा पाय पडून आहे, त्याच्या टोकाला भोक आहे आणि भोक हेडपासून 50 मिलिमीटर लांब आहे. एका कानावर 300 किलो. 50 रुंद आणि 6 मिलिमीटर जाड साध्या लोखंडाची पट्टी घेतली तर वाकणाच्या जागी ताण 500 मेगापास्कलच्या आसपास जातो. साधं लोखंड 250 च्या पुढे कायमचं वाकतं. म्हणजे 6 ची पट्टी पहिल्याच उचलीत वाकणार. हीच पट्टी 12 जाड घेतली तर ताण 125 वर येतो, कारण जाडी दुप्पट झाली की न वाकता टिकायची ताकद चौपट होते. म्हणून 12 मिलिमीटर घ्या. 10 चालेल असं सांगणारे भेटतील, त्यांचा हिशेबही चुकीचा नसतो, पण शेवटच्या क्षणी साखळीला बसणारा झटका त्यांनी धरलेला नसतो. भोक 50 ऐवजी 30 वर आणता आलं तर अजून उत्तम. आणि आडव्या पायाखाली, वाकणाच्या कोपऱ्यात, एक त्रिकोणी पट्टी वेल्ड केली की काळजीच मिटली.

आता पाट्याची गोष्ट. तुमचा वेल्डर म्हणतो ते अर्धं खरं आहे. पाट्याचं लोखंड ताकदवान असतं, पण ते कार्बनवालं, पाणी दिलेलं लोखंड आहे. त्याला गॅस कटरने कापलं की कापलेली कड काचेसारखी कडक होते. वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारी बारीक तडा जातो, कधी थंड होताना लगेच, कधी दोन दिवसांनी. बाहेरून काही दिसत नाही. साधं लोखंड भार जास्त झाला की आधी वाकतं, म्हणजे तुम्हाला बघायला वेळ देतं. पाट्याचा तुकडा वेळ देत नाही, टणकन तुटतो. बांधकामाची सळई वाकवून केलेली कडी, तीही नको, कारण तेच. आयएस 2062 या भारतीय मानकाची साध्या लोखंडाची प्लेट घ्या. अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे 12 ची प्लेट तुकड्यात मिळते. त्याला सांगा, वाकवायची असेल तर तापवून, आतल्या बाजूला गोलाई ठेवून वाकव. काटकोनात कडक घडी पडलेली चालणार नाही. भोक ड्रिलने पाड, गॅसने नाही. गॅसच्या भोकाच्या कडेला दातेरी खाचा राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. 16 मिलिमीटर पिनच्या शॅकलसाठी 18 चं भोक, आणि भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कुठल्याही कडेपर्यंत किमान 25 मिलिमीटर लोखंड हवं. कडा फाइलने मारून घ्यायच्या. कप्पीचा हूक थेट कानात घालू नका. हुकाचं टोक कानाच्या भोकात अर्धवट अडकतं आणि सगळा भार त्या टोकावर येतो. मधे शॅकल हवाच.

जुने मूळ कान शोधायचे असतील तर पूर्वी आम्ही अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जायचो. 2017 मध्ये महापालिकेने तो हटवला. आता एखाद्या जुन्या ट्रकची तोडफोड चालू असेल तिथे विचारावं लागतं. मिळाला तर घ्या, पण खाली सांगितलेली रॉकेलची परीक्षा केल्याशिवाय वापरू नका.

बोल्टाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण अपघात इथे होतात.

लोकांना वाटतं बोल्ट तुटेल. बोल्ट तुटत नाही. डोक्यावर 8.8 (ताकदीचा दर्जा) लिहिलेला 12 मिलिमीटरचा एक बोल्ट सरळ ओढीत सुमारे पाच टन पेलतो. तुमचं इंजिन 500 किलो. मग इंजिनं पडतात कशी? हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, बोल्ट पोलादाचा. बिडातले आटे मऊ आणि ठिसूळ. बोल्ट पुरेसा आत गेला नसेल तर आटे सोलून बाहेर येतात, किंवा भोकाभोवतीचं बीड कपची होऊन निघतं. म्हणून पोलादात बोल्ट त्याच्या जाडीएवढा आत गेला तरी भागतं, पण बिडात जाडीच्या दीडपट आत हवा. 12 च्या बोल्टाला किमान 18 मिलिमीटर.

पण जास्त लांब बोल्टही तेवढाच घातक. तुमची मागची भोकं आरपार नाहीत, तळ असलेली असणार. बोल्ट तळाला टेकला की पाना घट्ट लागतो, हाताला वाटतं बोल्ट आवळला, पण कान मात्र हेडला दाबलेलाच नसतो, किंचित मोकळा राहतो. त्यात भोकात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट पिस्टनसारखा ते ऑइल दाबतो, आणि ऑइल दबत नाही म्हणून बीड फुटतं. मी शिकाऊ असताना एका गॅरेजात हे डोळ्यांनी पाहिलंय. कान काढून ठेवला, तोच बोल्ट कानाशिवाय परत लावला, 10 मिलिमीटर पट्टीची जागा मोकळी झाली तेवढा बोल्ट आत गेला, तळाला लागला. वर लांब पाइप घालून आवळला. टक असा बारीक आवाज आला. कोणी लक्ष दिलं नाही. महिनाभराने त्या हेडमधून पाणी झिरपायला लागलं. तडा भोकाच्या तळातून निघून पाण्याच्या पोकळीत गेला होता. कान काढला की बोल्टही बदलावा लागतो, किंवा कानाच्या जाडीचा वॉशर द्यावा लागतो, एवढं कळलं असतं तर हेड वाचलं असतं.

तुमची भोकं अशी मोजा. आधी साफ करा: पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश, मग हवा मारायची, डोळ्यांवर चष्मा घालून, कारण तळातली घाण सरळ तोंडावर येते. मग सायकलच्या स्पोकचा तुकडा तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करा आणि स्केलवर मोजा. त्यातून तळाशी आटे नसलेला भाग वजा करा. समजा वापरता येण्याजोगे आटे 24 मिलिमीटर आहेत. पट्टी 12 ची, वॉशर अडीचचा. 30 चा बोल्ट घेतला तर आत जाणार साडेपंधरा, कमी पडतो. 40 चा घेतला तर साडेपंचवीस, तळाला टेकतो. 35 चा घेतला तर साडेवीस आत जातो आणि खाली साडेतीन मिलिमीटर मोकळे राहतात. म्हणजे 35. या तीन बोल्टांत बाहेरून फक्त बोटाच्या पेराएवढा फरक दिसतो, म्हणून डब्यातून हाताला येईल तो बोल्ट उचलायची सवय इथे सोडून द्यायची.

आट्यांचं माप तर न विसरता बघा. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) 1954 मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला, तो पंधरा वर्षं चालला आणि 1969 पर्यंत या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. तुमची गाडी ताऱ्यानंतरची, पण इंजिनाचं घराणं तेच जर्मन, म्हणून आटे मिलिमीटरचे. लेलँड, बेडफर्ड, पर्किन्स ही ब्रिटिश घराणी, त्यांच्या जुन्या इंजिनांवर इंची आटे. आता अडचण अशी की चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तुमच्या हेडवर किती हात फिरलेत कुणास ठाऊक. आटे मेले म्हणून कुणीतरी अर्ध्या इंचाचा टॅप मारून नवे आटे पाडलेले असू शकतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यात 12 चा बोल्ट सहज जातो. थोडा हलतो, मग दोन-चार फेऱ्यांनी अडकल्यासारखा घट्ट होतो. हाताला फसवतो.

एका इंची आट्यांच्या जुन्या इंजिनावर माझ्यासमोर नेमकं हेच झालं. गॅरेज माझं नव्हतं, मी मदतीला गेलो होतो. मागच्या कानाला 12 चे दोन बोल्ट, दोन्ही अर्ध्या इंचाच्या भोकांत. इंजिन गुडघ्याएवढं वर आलं तोवर सगळं ठीक. मग पोराने इंजिन फिरवायला हलकासा धक्का दिला आणि मागचा कान दोन्ही बोल्टांसकट निघून आला. इंजिनाची शेपूट खाली, नाक वर, साखळी गरकन फिरली. पोराचा हात फ्लायव्हीलपासून वीतभर लांब होता. तो पोरगा आज आडगावला स्वतःचं गॅरेज चालवतो आणि त्याच्याकडे पिच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, बघायचं माप) भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. पिच गेज स्वस्तात मिळतं. 12 च्या साध्या बोल्टाचा पिच 1.75 मिलिमीटर. भोकातले आटे थेट मोजता येत नाहीत, म्हणून त्यात बसणारा बोल्ट शोधा. हाताने शेवटपर्यंत मोकळा, न डगमगता जायला हवा. मग त्या बोल्टावर गेज लावून खात्री करा.

भोकातले आटे मेलेले निघाले तर घाबरू नका. हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारं तारेचं वेटोळं) किंवा पोलादी इन्सर्ट घालून घ्या. बिडात इन्सर्ट बसवलेलं भोक मूळ आट्यांपेक्षा चांगलं धरतं. पण हे काम ड्रिल काटकोनात धरू शकणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. हातात मशीन धरून अंदाजाने करायचं काम नव्हे. वेल्ड भरून नवीन आटे काढायचं डोक्यातून काढून टाका. बीड तापवून, हळूहळू गार करून वेल्ड होतं, पण हेडवर भार घ्यायच्या जागी मी ते कधीच करणार नाही.

आवळताना टॉर्क रेंच लावा. 12 च्या 8.8 बोल्टाला पोलादात 80 न्यूटन मीटरच्या आसपास देतात. जुन्या बिडात मी 65 वर थांबतो. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून. कानाची बैठक हेडवर सपाट बसते का ते आधी बघा, खाली रंग किंवा गॅस्केटचा तुकडा राहिला असेल तर खरवडून काढा.

आणि आयबोल्टचा विचार मनात येईल, तर तोही सांगून टाकतो. बाजारात गोल कडीचा आयबोल्ट मिळतो, भोकात फिरवला की काम झालं असं वाटतं. तो फक्त सरळ वर ओढायला असतो. 12 च्या चांगल्या आयबोल्टची सरळ ओढीतली क्षमता 340 किलो असते, तिरक्या ओढीत ती घटते, आणि तुमची भोकं हेडच्या मागच्या तोंडावर असतील तर ओढ थेट आडवीच येणार. तिथे आयबोल्ट वापरणं म्हणजे तो वाकवायला लावणं.

पुढचा वाकलेला कान. थंड असताना हातोडीने सरळ करू नका. एकदा वाकलेलं लोखंड उलट वाकवलं की त्याच घडीत तडा जातो. तापवून लाल करून सरळ करता येतो, पण मी तो नव्या कानाचा नमुना म्हणून वापरीन आणि मग डब्यात जपून ठेवीन. गाडी मूळ रूपात ठेवायची तुमची इच्छा आहे, ती मला कळते. तो कान तुमच्या गाडीचा आहे, तो फेकू नका. फक्त भार नव्या कानावर घ्या.

जुना कान वापरायचाच असेल, किंवा दुसरीकडून जुना मिळाला, तर रॉकेलची परीक्षा करा. रंग पूर्ण काढा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी कापडाने अगदी कोरडा पुसा आणि लगेच त्यावर खडूची पूड चोळा, पांढरा करून टाका. अर्धा तास थांबा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. घडीच्या आतल्या बाजूला आणि भोकाच्या कडेला बघा, तिथेच सापडते. आता बाजारात लाल रंगाच्या फवाऱ्याची डाय टेस्ट मिळते, ती जास्त बारीक तडा दाखवते, पण काम तेच. हेडच्या भोकांभोवतीही हे करा. तिथे तडा दिसला तर ती जागा सोडून द्या. मग इंजिन कानावर उचलायचं नाही, रुंद बेल्ट स्लिंग खालून घालून उचलायचं. त्याला जास्त वेळ आणि जास्त माणसं लागतात. शिवाय बेल्ट सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) पत्र्यावर येता कामा नये.

कप्पी कशाला टांगणार, हे तुम्ही लिहिलं नाही. शेडच्या अँगलच्या कैचीला टांगू नका. ती कैची पत्र्याचं वजन आणि वारा पेलायला केलेली असते, मधोमध अर्धा टन लोंबकळायला नाही. लिंबाच्या फांदीलाही नको. पूर्वी आम्ही टांगायचो, आता नाही टांगत. पायाला चाकं असलेला घोडा (कप्पी टांगायची लोखंडी चौकट) भाड्याने मिळतो, दोन टनांची कप्पी घ्या. कप्पीवर तिची क्षमता कोरलेली असायला हवी. नसेल तर ती कप्पी घेऊ नका. 2025 पर्यंत कारखान्यांना 1948 च्या कारखाना कायद्याने उचलण्याची साधनं, साखळ्या, दोर वर्षातून किमान एकदा जाणकार माणसाकडून तपासून घ्यावे लागायचे. छोट्या गॅरेजवाल्याला कुणी विचारत नाही. म्हणून मी खंडेनवमीचा दिवस ठरवून ठेवलाय. पूजेसाठी सगळी हत्यारं धुऊन-पुसून काढतोच, तेव्हा साखळीची एकेक कडी हातातून जाते, हुकाचं तोंड मोजलं जातं. हुकाचं तोंड उघडलेलं वाटलं तर त्या वर्षी हूक बदलायचा. हळदकुंकू नव्या हुकाला.

उचलायच्या दिवशी बॅटरी काढा, डिझेलच्या नळ्यांना बूच लावा, ऑइल-पाणी रिकामं करा. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चॅसीला धरून ठेवणारे, बोल्ट सगळ्यात शेवटी काढायचे, आणि ते काढण्याआधी साखळी फक्त ताणून घ्यायची, उचलायची नाही. मग कानांकडे बघा. बोल्ट काढल्यावर इंजिन चार बोटं वर घ्या आणि थांबा. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत कानाच्या बुडाशी हेडवर रंगाला तडा गेलाय का, वॉशर फिरलाय का, कप्पी हळूहळू खाली सरकतेय का, हे बघा. कानाच्या पायाशी आधीच खडूने एक रेघ मारून ठेवा, अर्धी कानावर, अर्धी हेडवर. रेघ तुटली म्हणजे कान सरकला. एखादी वायर किंवा नळी काढायची राहिली असेल तर तीही याच वेळी लक्षात येते. कुठली तरी राहतेच, बहुतेक वेळा अर्थिंगची पट्टी. इंजिन अधांतरी असताना खाली हात, पाय, डोकं काहीही नको, आणि तुमची मुलं बघायला येणार असतील तर त्यांना घोड्याच्या उंचीएवढं लांब उभं करा. इंजिन बाहेर आलं की लगेच खाली लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा. जेवायला जाताना ते साखळीवर लटकतं ठेवू नका.

काम झाल्यावर कान काढून ठेवू नका. तुमच्या गाडीत मागची भोकं रिकामी का आहेत? कान आखूड साखळीने गेला नसेल तर कुणीतरी, कधीतरी, लागणार नाही म्हणून काढला असेल. नव्या कानावर पंचने खूण करून घ्या: फक्त इंजिन, गिअरबॉक्स नाही. म्हणजे पुढे कधी गाडी दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात गेली तरी त्याला कळेल. मग इंजिनाचाच रंग मारा. गाडी रस्त्यावर आली, एकदा कसारा घाट उतरून-चढून आली, की इंजिन गार झाल्यावर कानांच्या चारही बोल्टांवर परत 65 चा पाना लावून बघा. पहिल्या फेरीत एखादा पाव फेरा घेतो.